फादर रिच्ची यांचे तीन पोशाख



रोम, फातिमा किंवा पवित्र भूमीच्या यात्रेला निघणाऱ्या मंडळींची बैठक भरली की पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : तिकडे कपडे काय घालायचे? कुणाला वाटते, साडी नेसली तर सगळे बघत राहतील. कुणाला वाटते, आपण आहोत तसे जावे, लोकांची भीड कशाला? तरुणांना तिथल्यासारखे दिसायचे असते. आयुष्यभर लुगडे नेसलेल्या एखाद्या आजीला मात्र जीन्सची कल्पनाही सहन होत नाही. प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. परक्या देशात पाहुणा म्हणून जाताना आपण कोण आहोत आणि समोरच्याला किती मान देतो, हे आपले कपडे आपल्या आधी सांगून टाकतात.

सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूला हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी एक चूक केली, ती ओळखली आणि सुधारली. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघीय फादर मत्तेओ रिच्ची.

रिच्ची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर देह ठेवला. चीनमध्ये पाऊल टाकण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली. रिच्ची यांचे वडील औषध-विक्रेते होते. मुलाने वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला १५६८ साली रोमला पाठवले. मुलगा मात्र १५७१ साली, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, येशूसंघात दाखल झाला. वडील रागावून त्याला परत आणायला निघाले, पण वाटेत तापाने आजारी पडले. ही देवाचीच खूण आहे असे मानून ते माघारी फिरले, असे सांगतात. रोमच्या महाविद्यालयात रिच्ची त्या काळचे थोर गणिती फादर क्लाव्हियस यांच्या हाताखाली गणित आणि खगोलशास्त्र शिकले. ही विद्या पुढे त्यांना फार उपयोगी पडली.

मार्च १५७८ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज सप्टेंबरमध्ये गोव्याला लागले. गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात त्यांनी अभ्यास केला आणि शिकवलेही. १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांच्या गोव्यातील दिवसांची एक गोष्ट आपण विसरू नये. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू द्यायचे नाही, असा निर्णय तेव्हा काही वरिष्ठांनी घेतला होता. जास्त शिकले तर ते गर्विष्ठ होतील, असा त्यामागचा विचार होता. या तरुण फादरांनी रोमला आपल्या संघप्रमुखांकडे पत्र लिहून त्याबद्दल स्पष्ट नाराजी कळवली. आपल्या माणसांना कमी लेखले जात असताना एक परदेशी तरुण त्यांच्या बाजूने उभा राहिला, हे आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे.

१५८२ साली त्यांना मकावला पाठवण्यात आले. मकाव ही चीनच्या दक्षिण टोकाला असलेली पोर्तुगीजांची वसाहत. तिथे रिवाज असा होता की, एखादा चिनी माणूस ख्रिस्ती झाला की त्याने पोर्तुगीज नाव घ्यायचे, पोर्तुगीज कपडे घालायचे आणि केसही तसेच कापायचे. म्हणजे ख्रिस्ती होणे आणि पोर्तुगीज होणे एकच! आपल्या वसईकरांना यात ओळखीचे काही दिसेल. पोर्तुगीज काळात आपल्या पूर्वजांना पोर्तुगीज नावे आणि आडनावे मिळाली. तरी आपल्या आज्या-पणज्या मिस्साला जात त्या लुगडे नेसूनच. नाव बदलले, पण नेसण मातीचीच राहिली.

पूर्वेकडील मिशनकार्याचे प्रमुख फादर व्हालिन्यानो यांना मकावचा हा रिवाज मान्य नव्हता. मिशनरीने आधी चिनी भाषा आणि रीतिरिवाज शिकावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार फादर रुजिएरी आणि फादर रिच्ची सप्टेंबर १५८३ मध्ये झाओचिंग या शहरात राहायला गेले. आता प्रश्न आला पोशाखाचा. युरोपातील काळा झगा घातला तर ते पोर्तुगीजांचे हेर वाटले असते. चिनी अधिकाऱ्यांनीच सुचवल्याप्रमाणे त्यांनी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला आणि डोके व दाढीही तासली. विचार सरळ होता. आपण देवाची माणसे, भिक्षूही धार्मिक माणसे, तेव्हा लोकांना आपण कोण ते लगेच कळेल.

पण झाले उलटेच. लोक त्यांना बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ समजू लागले. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. चीनचा कारभार चालत होता तो कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकून कठीण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वान अधिकाऱ्यांच्या हातून. या वर्गाच्या मनात भिक्षूंबद्दल आदर नव्हता. भिक्षूंमध्ये साधुवृत्तीचे आणि विद्वान लोक होतेच, पण पूर्वग्रह माणसे बघत नाही, वेष बघतो. अधिकाऱ्यांसमोर भिक्षूने गुडघे टेकायचे आणि सांगितले तेवढेच बोलायचे. रिच्ची यांना ज्यांच्याशी बसून बोलायचे होते, त्यांच्या दारातच त्यांचा वेष त्यांना अडवत होता.

हे लक्षात यायला त्यांना जवळजवळ बारा वर्षे लागली. ती वर्षे सुखाची नव्हती. १५८९ साली नव्या अधिकाऱ्याने त्यांना झाओचिंगमधून हुसकावून लावले. ते शाओझोऊ येथे गेले. तिथे १५९२ साली एका रात्री काही तरुणांनी त्यांच्या घरावर हल्ला केला. खिडकीतून उडी मारताना रिच्ची यांचा पाय दुखावला. तो पुढे कधीच पूर्ण बरा झाला नाही.

याच शाओझोऊमध्ये त्यांना एक मित्र भेटला. त्याचे नाव छू रुक्वेई. मोठ्या घराण्यातला हा मुलगा घरचा पैसा उडवून बसला होता. परदेशी फादरांना पाऱ्यापासून चांदी करण्याची विद्या येते अशी अफवा ऐकून तो त्यांच्याकडे आला. चांदी काही मिळाली नाही, पण तो गणित शिकला आणि त्यांचा जिवलग झाला. त्यानेच त्यांना सांगितले की, तुम्ही विद्वान आहात, तर विद्वानांसारखे राहा. भिक्षूचा वेष तुमची ओळख लपवतो. परक्या देशात असे मोकळेपणी सांगणारा स्थानिक मित्र मिळणे ही देवाची मोठी कृपा असते. मात्र ऐकणाऱ्याच्या अंगी नम्रताही हवी.

रिच्ची यांनी वरिष्ठांकडे परवानगी मागितली आणि १५९४ साली ती मिळाली. मग त्यांनी केस आणि दाढी वाढवायला सुरुवात केली. १५९५ साली उत्तरेकडे प्रवासाला निघाले तेव्हा दाढी छातीकडे उतरू लागली होती आणि अंगावर होता चिनी विद्वानाचा पोशाख. गडद जांभळ्या रेशमाचा पायघोळ झगा, त्याला फिक्या निळ्या रेशमाची रुंद किनार, मोठ्या ढगळ बाह्या आणि डोक्यावर उंच टोपी. ही टोपी आपल्या बिशपांच्या मुकुटाची थोडी आठवण करून देणारी होती.

इथे एखाद्याच्या मनात शंका येईल. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या धर्मगुरूने रेशीम घालावे का? पालखीत बसावे का? ही शंका त्या काळीही होती. तो पोशाख औपचारिक भेटीगाठींसाठी होता आणि वरिष्ठांना विचारून घेतलेला होता. संत फ्रान्सिस झेवियर यांनाही जपानमध्ये हाच धडा मिळाला होता. फाटक्या झग्यात गेले तेव्हा त्यांना दारातूनच परतावे लागले. १५५१ साली यामागुची येथे ते चांगल्या वस्त्रांत आणि भेटवस्तू घेऊन गेले, तेव्हा तिथल्या सरदाराने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तरी एक धोका खराच. मोठ्यांचा वेष घेतला की गरीब माणूस दूर राहण्याची भीती असते. म्हणूनच शाओझोऊच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन साध्या लोकांमध्ये काम करणारे फादर लोंगोबार्डो यांचीही आठवण ठेवली पाहिजे. दोन्ही कामे ख्रिस्तसभेचीच होती.

नव्या पोशाखाचा परिणाम लगेच दिसला. जे अधिकारी पूर्वी उभे ठेवत, ते आता बसायला सांगू लागले. पण केवळ रेशमामुळे हे घडले असते, तर ते चार दिवसांत संपले असते. त्या झग्याच्या आत खरा विद्वान होता. रिच्ची यांनी चिनी भाषा शिकली, कन्फ्यूशियसचे ग्रंथ अभ्यासले आणि १५९५ साली मैत्री या विषयावर चिनी भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. ते विद्वानांमध्ये आवडीने वाचले गेले. पोशाखाने दार उघडले, पण आत बसवले ते अभ्यासाने.

राजधानीचा रस्ता मात्र सोपा नव्हता. १५९८ साली ते बीजिंगपर्यंत गेले, पण जपानशी चाललेल्या युद्धामुळे परदेशी माणसाकडे संशयाने पाहिले जात होते, म्हणून परतावे लागले. दुसऱ्या वेळी वाटेत दरबारातील एका अधिकाऱ्याने त्यांच्या सामानाची झडती घेतली. त्यात प्रभू येशूचा क्रूस सापडला. खिळ्यांनी ठोकलेला, रक्ताळलेला देह पाहून ही बादशहावर केलेली करणी आहे, असा त्याने आरोप केला. रिच्ची चिनी वेषात होते, चिनी बोलत होते, तरी क्रूस त्यांनी टाकून दिला नव्हता. वेष बदलला म्हणजे श्रद्धा बदलली असे नाही, हे त्या संकटात दिसून आले.

अखेर २४ जानेवारी १६०१ रोजी ते बीजिंगला पोहोचले. वानली बादशहाला भेट दिलेली घड्याळे फार आवडली. त्यांची देखभाल करायला हे फादर हवेत, म्हणून त्यांना राजधानीत राहण्याची परवानगी मिळाली. बादशहाने त्यांना प्रत्यक्ष भेट कधीच दिली नाही. ते दिसतात कसे, हे पाहण्यासाठी त्याने त्यांची चित्रे मात्र काढून घेतली!

बीजिंगमध्ये १६०२ साली रिच्ची यांनी चिनी भाषेतला जगाचा मोठा नकाशा छापला. शू ग्वांगची हे विद्वान १६०३ साली पॉल हे नाव घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांच्यासोबत रिच्ची यांनी युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा भागांचे भाषांतर करून १६०७ साली प्रसिद्ध केले. ११ मे १६१० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी बीजिंगमध्ये देह ठेवला. तोवर चीनमध्ये मरण पावलेल्या मिशनरींना पुरण्यासाठी मकावला नेत. रिच्ची यांच्यासाठी बादशहाने राजधानीतच जागा दिली. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला त्या मातीने आपल्यात सामावून घेतले.

त्यांच्या मागे एक छान गोष्ट घडली. चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढणे हा आपल्याकडे आदर. चीनमध्ये मोठ्यांसमोर उघड्या डोक्याने जाणे हा अनादर. म्हणून १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील धर्मगुरूंना डोके झाकून मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. आदर तोच, दाखवण्याची रीत वेगळी!

पुढे मात्र पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला मान देण्याच्या चिनी रिवाजांवरून ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला. १७१५ आणि १७४२ साली रोमने त्या रिवाजांना बंदी घातली आणि रिच्ची यांनी उघडलेले दार बरेचसे बंद झाले. १९३९ साली पोप बारावे पायस यांनी ती बंदी उठवली. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी फादर रिच्ची यांचे वीरोचित सद्गुण मान्य करून त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. परदेशात गेल्यावर तिथल्यासारखे दिसावे का? फादर रिच्ची यांचे जीवन सांगते की, आधी विचारावे. तिथला एखादा पोशाख आपल्याला आवडला म्हणून घालण्याआधी तो कोण घालतो आणि त्याचा अर्थ काय, हे तिथल्याच माणसाकडून समजून घ्यावे. चुकले तर सुधारावे. शिवाय हेही लक्षात ठेवावे की, रिच्ची चिनी दिसू लागले नव्हते. त्यांचे निळे डोळे आणि लांब नाक लपणारे नव्हते आणि त्यांना ते लपवायचेही नव्हते. लोक त्यांना पश्चिमेकडचा विद्वान म्हणूनच ओळखत. त्यांनी आपले मूळ लपवले नाही, यजमानांना मान दिला.

रोमला संत पेत्राच्या महामंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा नियम आहे. तिथे आपल्या आजीची साडी उत्तम आणि नातवाची हाफ पॅंट अडचणीची! गोव्यात बॉम जेझूसमध्ये तोकड्या कपड्यांत शिरणारे पर्यटक पाहून आपल्याला वाईट वाटते. मग दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी, दुसऱ्याच्या गावी जाताना आपणही तीच काळजी घ्यायला हवी. बॅग भरताना एवढेच मनात आणावे : या कपड्यांत मी त्या लोकांच्या घरी पाहुणा म्हणून शोभेन का?

हे प्रभो, परक्या देशात आणि परक्या माणसांत वावरताना आम्हांला फादर रिच्ची यांची नम्रता दे. आमचा वेष कोणताही असो, आमच्या वागण्यातून तुझीच ओळख लोकांना पटू दे. आमेन.