विल्यम मर्डॉक: पहिला गॅस फिटर, ज्याने गॅसचं पेटंट घेतलंच नाही

स्वयंपाकघरात पाइप गॅसचं कनेक्शन घेताना आपण मीटर बघतो, बिल बघतो. भिंतीवरून गेलेल्या पाइपच्या जोडांकडे कोणी बघत नाही. खरं तर सगळी करामत त्या जोडांतच असते. गॅस एका जागी तयार करायचा, नळीतून दुसरीकडे न्यायचा आणि पाहिजे तिथे, पाहिजे तेवढाच जाळायचा, हे काम ज्याने पहिल्यांदा नीट करून दाखवलं तो माणूस शास्त्रज्ञ नव्हता. तो पगारी फिटर होता. नाव विल्यम मर्डॉक.

त्याचा जन्म १७५४ साली स्कॉटलंडच्या एअरशायर भागातला. वडील पाणचक्की चालवायचे आणि यंत्रजोडणीची कामंही करायचे. त्यामुळे लाकूड, लोखंड आणि चाकं यांच्याशी खेळतच पोरगा मोठा झाला. लहानपणी जुन्या किटलीत कोळसा तापवून तोटीतून निघणारी वाफ पेटवायचा, असंही सांगतात. १७७७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो बर्मिंगहॅमला बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यात काम मागायला गेला. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि गेला पायी. तिथली टोपीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलाखतीत गडबडून त्याच्या हातातली टोपी खाली पडली आणि ठक्क असा आवाज झाला. टोपी लाकडाची होती आणि त्याने स्वतःच बनवलेल्या लेथवर कातलेली होती. डोक्यासारखा लंबगोल लेथवर कातणं सोपं नसतं, हे बोल्टनला लगेच कळलं. नोकरी पक्की झाली. पगार आठवड्याला १५ शिलिंग, बाहेरगावच्या कामाला १७.

दोन वर्षांनी त्याला कॉर्नवॉलला पाठवलं. तिथल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींत पाणी भरायचं आणि ते उपसायला वॉटची वाफेची इंजिनं बसवलेली होती. इंजिन बंद पडलं की खाण बुडायची, म्हणून मर्डॉकला रात्री-अपरात्री धावावं लागायचं. त्याची एक युक्ती इथे सांगायलाच हवी. नवसागर आणि लोखंडाचा कीस एकत्र ओला झाला की गंजून दगडासारखा घट्ट होतो. हे दोन पदार्थ हत्यारांच्या पिशवीत चुकून मिसळले, तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं म्हणे. आपल्याकडे कल्हईवाला वापरतो तोच हा नवसागर. या लेपाने तो इंजिनांचे जोड भरू लागला. जोड गळता कामा नये, ही फिटरच्या धंद्यातली पहिली अट. मर्डॉक तिच्यावर गॅसच्या कितीतरी आधीपासून काम करत होता.

१७८४ च्या सुमारास त्याने वाफेवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं मॉडेल केलं. दोन वर्षांनी तिचं पेटंट घ्यायला तो लंडनला निघाला. वाटेत एक्झिटरला बोल्टन भेटला आणि त्याने समजावून परत पाठवलं. मालकांना त्यांचा सर्वात चांगला फिटर इंजिनांपाशीच हवा होता. माझ्या मते मर्डॉकच्या आयुष्यातलं खरं वळण हेच.

आता गॅस. रेडरूथ गावातल्या त्याच्या घरामागे अंगणात लोखंडी भांडं होतं. त्यात दगडी कोळसा भरून बाहेरून तापवायचा. भांडं बंद असल्याने कोळसा जळत नाही. त्यातून गॅस निघतो आणि मागे कोक उरतो. या भांड्याला रिटॉर्ट म्हणतात. निघालेला गॅस त्याने कल्हई केलेल्या लोखंडी आणि तांब्याच्या नळ्यांतून सुमारे ७० फूट नेला आणि १७९२ मध्ये घरात दिवा लावला. नळीच्या टोकाशी बारीक भोकं पाडली की ज्योत पसरट आणि स्थिर मिळते, हेही त्याने प्रयोग करूनच शोधलं. रात्री माळावरून घरी येताना चामड्याच्या पिशवीत नाहीतर फुग्यात गॅस भरून त्याचा कंदील करायचा. सिलिंडरचा आजोबाच म्हणा ना.

इथे एक गोष्ट समजून घ्या. कोळशातून जळणारा गॅस निघतो, हे आधीही लोकांना माहीत होतं. मर्डॉकने त्यात फिटिंग आणलं. कुठल्या कोळशातून किती गॅस निघतो, भांडं उभं ठेवावं की आडवं, नळी किती जाड हवी, वास कसा कमी करावा, या सगळ्यांची त्याने मोजमापं घेतली.

गॅसचं पेटंट घ्यावं का, असं त्याने मालकाच्या मुलाला, म्हणजे धाकट्या जेम्स वॉटला, विचारलं होतं. कंपनी तेव्हा इंजिनांच्या पेटंटवरून कोर्टकचेऱ्यांत अडकलेली होती, आणि या शोधाला पेटंट मिळेल का याचीही खात्री नव्हती. विषय मागे पडला. दरम्यान पॅरिसमध्ये फिलिप लबॉं याने १७९९ मध्ये स्वतःच्या गॅसच्या दिव्याचं पेटंट घेतलं. तेव्हा कुठे बर्मिंगहॅमला जाग आली. १८०२ मध्ये फ्रान्सशी तह झाला, त्या आनंदोत्सवात कारखान्याच्या दर्शनी भागावर गॅसच्या ज्योती लागल्या.

त्याचं सर्वात मोठं काम मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या फिलिप्स आणि ली यांच्या सूतगिरणीतलं. १८०५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने ९०४ बर्नर बसले. २७१ मोठे, काचेची चिमणी असलेले, आणि ६३३ साधे. एकूण उजेड अंदाजे २,५०० मेणबत्त्यांइतका. १८०८ मध्ये मर्डॉकने रॉयल सोसायटीपुढे हिशोब मांडला, तो असा की मेणबत्त्यांना वर्षाला सुमारे २,००० पौंड लागले असते, तर गॅसला भांडवलाचं व्याज आणि झीज धरूनही ६०० पौंडांच्या आसपास. सोसायटीने त्याला रमफर्ड पदक दिलं. स्वस्त उजेड म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळी अंधार पडल्यावरही गिरणी चालू, हेही खरं. तिथल्या कामगारांना या शोधाचं किती कौतुक वाटलं असेल, ते सांगायला नको.

पण मर्डॉकची कंपनी एका गिरणीला एक गॅसयंत्र, असाच विचार करत राहिली. फ्रेडरिक विन्सर नावाच्या जर्मन माणसाच्या डोक्यात वेगळंच होतं. एका ठिकाणी गॅस करायचा आणि रस्त्याखालून नळ टाकून अख्ख्या शहराला द्यायचा. त्याचं तांत्रिक ज्ञान बेताचं, बडबड भरपूर. तरी १८१२ मध्ये लंडनच्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली. तिचं तंत्र सांभाळलं सॅम्युएल क्लेग याने. हा मर्डॉकबरोबर काम करून शिकलेला, १८०५ मध्ये नोकरी सोडून स्वतंत्र कामं घेणारा. चुन्याने गॅस शुद्ध करणं आणि पाण्यावर चालणारा गॅस मीटर यांच्याशी त्याचंच नाव जोडलं जातं. १८१३ च्या शेवटच्या दिवशी वेस्टमिन्स्टर पुलावर गॅसचे दिवे लागले. एक जण नोकरीत राहिला, दुसरा ठेकेदार झाला. मर्डॉकने १८३० पर्यंत त्याच कारखान्यात काम केलं. १८३९ मध्ये तो गेला आणि हँड्सवर्थच्या चर्चमध्ये, बोल्टन-वॉट आहेत तिथेच, त्याला पुरलं.

तोवर फिटर हा वेगळा धंदाच झाला होता. सुरुवातीला नळ मिळायचे नाहीत म्हणून युद्धानंतर उरलेल्या बंदुकीच्या नळ्या आटे पाडून एकमेकींना जोडत. म्हणून ब्रिटनमधले जुने फिटर पाइपला बॅरल म्हणतात. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने लोखंडी नळी जलद बनवायची पद्धत काढली आणि घरोघरी गॅस नेणं परवडू लागलं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये.

मग वीज आली. दिवाबत्तीचं काम हळूहळू गेलं. फिटर मात्र संपला नाही, कारण गॅस चुलीकडे आणि घर तापवण्याकडे वळला. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसऐवजी समुद्रातला नैसर्गिक गॅस आला, तेव्हा फिटरांनी घराघरात जाऊन कोट्यवधी उपकरणांचे बर्नर बदलले. आज तिथे नोंदणी नसलेल्या माणसाने गॅसचं काम करणं गुन्हा आहे. आणि बॉयलरच्या जागी हीट पंप येऊ लागल्याने तिथले फिटर पुन्हा नवं काम शिकतायत.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात पाइप गॅस वाढतोय, म्हणून आयटीआय करणारी मुलं या कामाबद्दल विचारतात. काम एकच नाही, हे आधी लक्षात घ्या. रस्त्याखालच्या स्टीलच्या लाइनला वेल्डर लागतो. प्लॅस्टिकच्या लाइनला वीज देऊन जोड वितळवणारा माणूस लागतो. इमारतीतल्या जीआय पाइपला आटे पाडणारा लागतो. बहुतेक जण ठेकेदाराकडे असतात आणि सुरुवातीचा पैसा बेताचाच असतो. जो गळतीची चाचणी, रेग्युलेटर आणि मीटर समजून घेतो, त्याला पुढे सुपरवायझरचं किंवा देखभालीचं काम मिळण्याची शक्यता जास्त. सिलिंडरवरची शेगडी पाइप गॅसवर घेताना फिटर बर्नरचं जेट बदलतो. नैसर्गिक गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानाला उष्णता कमी असते, म्हणून भोक मोठं लागतं. भोक किती मोठं असावं, याची मोजणी रेडरूथच्या अंगणात सुरू झाली होती.