हानेस आल्फवेन: सूर्याच्या चुंबकी तारा ओळखणारा माणूस

चुलीपासून लांब गेलं की धग कमी होते. सूर्याचं उलटंच आहे. पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस आणि त्याबाहेरचा विरळ कोरोना चक्क दहा लाख अंशांच्या वर! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. या कोड्याच्या मागे लागलो आणि स्वीडनच्या हानेस आल्फवेन यांच्यापाशी पोहोचलो.

जन्म १९०८ चा, आई-वडील दोघेही डॉक्टर. १९४० पासून ते स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक. १९४२ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. त्यांचं म्हणणं असं, की तापलेला, वीजवाहक प्लाझ्मा आणि चुंबकीय रेषा एकमेकांना चिकटल्यासारख्या असतात. म्हणजे ती रेषा तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली: ताण चुंबकी क्षेत्राचा, वजन प्लाझ्माचं. छेडली की लाट धावणार. क्षेत्र जोरदार तर लाट वेगवान, प्लाझ्मा दाट तर मंद.

आज हे सोपं वाटतं, पण तेव्हा कुणी मानायला तयार नव्हतं. उत्तम वाहकात विद्युतचुंबकीय लाट आत शिरतच नाही, पृष्ठभागाशीच विरते, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. १९४८ मध्ये शिकागोत त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत फर्मी होते आणि त्यांनी मान डोलावली म्हणे; मग बाकीच्यांनाही ते पटलं. (गणित तेच, फक्त मान मोठ्या माणसाची!)

त्याआधीच, १९४७ मध्ये, आल्फवेन यांनी या लाटा कोरोनाच्या कोड्याला जोडल्या होत्या. सूर्याचा पृष्ठभाग सतत खदखदतो, रेषांची टोकं हलवतो, लाटा ऊर्जा वर नेतात. अडचण एकच: या लाटा सहजासहजी विरत नाहीत. आणि विरल्याशिवाय उष्णता कशी मिळणार?

१९७० मध्ये नोबेल मिळालं. गंमत म्हणजे, चिकटलेल्या रेषांची आपलीच कल्पना लोक नको तिथे वापरतात, असं ते तिथल्या भाषणातही बजावून आले. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

१९९५ मध्ये ते गेले. कोरोनात अशा लाटा प्रत्यक्ष दिसल्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. त्या नेमक्या कुठे आणि किती विरतात, यावर वाद अजून चालूच आहे. २०२३ मध्ये निघालेलं आपलं आदित्य-एल१ त्याच कोरोनाकडे बघत बसलंय.