श्रमातून सरस्वतीची उपासना : कर्मवीर भाऊराव पाटील

श्रीज्ञानसरस्वतीच्या बासर क्षेत्री गोदातीरी अक्षराभ्यासाचा विधी अखंड चालू असतो. दूरदूरची कुटुंबे आपली बालके घेऊन येतात आणि मुलाचा चिमुकला हात धरून त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतले जाते. परंतु हा धरलेला हात पुढे सोडावाही लागतो. सोडल्यानंतर त्याने स्वतःच्या बळावर लिहावे, ह्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे अल्पचरित्र आम्ही सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात शिकत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि राहत्या वसतिगृहास त्यांस मुकावे लागले. त्यांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नाही. पुढे ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. रयतेचे पोर बुद्धीने उणे नाही, उणी आहे ती संधी, ही गोष्ट त्यांच्या मनाने तेथेच पक्की धरली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. जातीजातींची वसतिगृहे निराळी असण्याच्या त्या काळात येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

ह्या कार्याचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीही वाहिला. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली ही माउली सर्व जातींच्या मुलांची आई झाली. कोठीतील धान्य सरले तेव्हा अंगावरचे दागिने, आणि अखेरीस मंगळसूत्रही, त्यांनी मुलांच्या अन्नासाठी काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. पण भाऊरावांनी हाती घेतलेले व्रत सोडले नाही.

विद्या ही भिक्षा म्हणून कोणी घेऊ नये, असा भाऊरावांचा कटाक्ष होता. फुकट मिळालेल्या अन्नाने पोट भरते, परंतु मान वाकते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांची मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, खडी फोडीत आणि त्या श्रमाच्या मोलावर शिकत. ‘कमवा व शिका’ ही योजना ती हीच. १९४० साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल ह्याच तत्त्वावर उभे राहिले. १९३५ साली अध्यापक विद्यालय निघाले आणि तेथे तयार झालेले शिक्षक शाळा नसलेल्या गावी पोहोचले. पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज व १९५४ साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. १९५९ साली पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट्. पदवी ह्या अर्धवट शिकलेल्या पुरुषास मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी प्रथम फांदीच्या आधाराने लोंबते. भूमीस टेकताच तिची मुळे धरतात आणि ती स्वतःच खोड होते. आपल्या मुलांविषयी भाऊरावांची हीच अपेक्षा होती.

पाटीपूजन झाले म्हणजे आईबापांचे कर्तव्य संपले असे आम्हांस वाटत नाही. आपल्या मुलास स्वतःचे काम स्वतः करू द्यावे. ते चुकले तरी धीर धरावा. शेजारच्या गरजू विद्यार्थ्यास साहाय्य करावयाचे झाल्यास त्याचा स्वाभिमान राखून करावे. देवीपुढे गिरविलेले अक्षर अशाच घरी रुजते. श्रीज्ञानसरस्वती आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो.