कर्मवीर दादासाहेब गायकवाड : स्वराज्यात जमीन मागणारा नेता

मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझर हे गाव आज ओळखले जाते ते विमानांच्या कारखान्यामुळे. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना आला आणि बाणगंगेकाठच्या या गावाच्या नावाला मिग हे बिरूद कायमचे चिकटले. परक्यांच्या राज्यातून मुक्त झालेल्या देशाने आपल्या आकाशाचे रक्षण आपणच करावे, या जिद्दीची ती खूण होती. ओझरच्या शिवेपलीकडे दिंडोरी तालुका सुरू होतो. त्या तालुक्यातील आंबे या खेड्यात जन्मलेल्या एका माणसाने त्याच १९६४ साली स्वतंत्र भारतापुढे एक साधा प्रश्न ठेवला. आकाश आपले झाले, पण जमीन कोणाची? तो प्रश्न विचारणारे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजेच कर्मवीर दादासाहेब गायकवाड, यांच्या जीवनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण व वतनाचे जोखड

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी एका महार कुटुंबात झाला. त्या काळी या समाजाच्या गळ्यात महार वतनाचे जोखड होते. गावाची राखण करायची, सरकारी निरोप पोहोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्याच्या मोबदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा व बलुत्याची भाकर घ्यायची. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. पिढ्या वाढत गेल्या तसे त्या जमिनीचे तुकडे होत गेले, कामाचा भार मात्र तेवढाच राहिला. जमीन हातात असूनही माणूस गुलाम कसा राहतो, हे भाऊरावांनी लहानपणीच पाहिले. पुढे वतन नष्ट करण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लढ्यात ते अग्रभागी राहिले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. इंग्रज जाऊन तेव्हा अकरा वर्षे लोटली होती.

विद्यापीठाची पदवी भाऊरावांजवळ नव्हती. नाशिकला अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम पाहत असताना ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि जन्मभर तेथेच राहिले. धोतर नेसणारा, खेड्यातल्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलणारा हा कार्यकर्ता बाबासाहेबांचा अत्यंत विश्वासू सहकारी ठरला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली असंख्य पत्रे आज उपलब्ध आहेत. चळवळीतील कठीण निर्णय, पैशाची अडचण, मनातील खिन्नता, हे सारे बाबासाहेब या सहकाऱ्याजवळ मोकळे करीत असत, असे त्यांतून दिसते.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह

१९३० सालचा मार्च महिना भारताच्या इतिहासात दांडीयात्रेसाठी प्रसिद्ध आहे. १२ मार्चला महात्मा गांधी साबरमतीहून निघाले. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशिकच्या पंचवटीत दुसरा एक सत्याग्रह सुरू झाला होता. काळाराम मंदिराच्या चारही दरवाजांसमोर हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष शांतपणे बसले. नेतृत्व बाबासाहेबांचे होते आणि प्रत्यक्ष व्यवस्थेचा भार सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून भाऊरावांच्या खांद्यावर होता. खेड्यापाड्यांतून तुकड्या आणायच्या, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करायची, कोणी अटकेत गेला तर त्याच्या घराकडे पाहायचे, आणि दगडफेक झाली तरी आपल्या माणसाचा हात उठणार नाही याची काळजी घ्यायची, अशी ती जबाबदारी होती. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले. त्यांनी ते सोसले.

एकाच महिन्यातील या दोन सत्याग्रहांचा विचार आपण एकत्र केला पाहिजे. एक परक्या सरकारच्या कायद्याविरुद्ध होता, तर दुसरा आपल्याच शेजाऱ्याने बंद केलेल्या दाराविरुद्ध. पाच वर्षे झाली तरी ते दार उघडले नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून हा लढा थांबवण्याचा विचार कळवला. देवळात जाण्यापेक्षा शिक्षण व राजकीय हक्क यांवर समाजाची शक्ती लागावी, असे त्यांचे मत झाले होते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दादासाहेबही त्यांच्यामागोमाग त्याच वाटेने गेले.

स्वातंत्र्यानंतरचा लढा

१९३७ पासून दादासाहेब मुंबई विधानसभेचे सभासद होते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत नाशिकमधून ते लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि बाबासाहेबांच्या निधनाने पोरक्या झालेल्या समाजाने दादासाहेबांकडे पाहिले. मराठी भाषकांचे राज्य व्हावे म्हणून ते सर्वांबरोबर लढले. परंतु राज्य कोणाचेही असो, गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःची जमीन नसेल तर तो पोटासाठी मालकाच्या दारात उभा राहणार आणि मतदानाच्या दिवशीही त्याची मान खालीच राहणार, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. खानदेश, नाशिक व मराठवाडा या भागांत तो विशेष पेटला. त्याची रीत सोपी होती. सरकारी पडीक जमिनीवर भूमिहीन कुटुंबांनी जायचे, ती नांगरायची, पोलीस आले की प्रतिकार न करता अटक करून घ्यायची. बायाबापड्या तान्ह्या मुलांना घेऊन तुरुंगात गेल्या. मागणी केवळ एका जातीसाठी नव्हती. ज्याला जमीन नाही अशा प्रत्येकासाठी ती होती, मग तो दलित असो, आदिवासी असो की सवर्णांतील गरीब असो. या प्रश्नावर कम्युनिस्टांना सोबत घेतल्याबद्दल पक्षातील काही शिकलेल्या पुढाऱ्यांनी दादासाहेबांना दोष दिला आणि पक्षात पहिली फूट पडली. पुढे १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी युती केली तेव्हाही टीका झाली. त्या युतीने चळवळीची धार बोथट केली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र आपल्या माणसाच्या पदरात काही पडावे ही त्यांची तळमळ कोणी नाकारलेली नाही.

डिसेंबर १९६४

आम्हा कॅथलिकांना १९६४ चा डिसेंबर आठवतो तो मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी. २ डिसेंबरला परमगुरू पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग जगातील गरिबांसाठी द्यावा, असे आवाहन त्यांनी याच शहरातून सर्व राष्ट्रांना केले. ६ डिसेंबरला तो सोहळा संपला. आणि त्याच ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहाला आरंभ झाला. पुढील सुमारे दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. तेव्हाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे मागण्यांची सनद देण्यात आली. कसणाऱ्याला जमीन, भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्ध झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मुंबईच्या मैदानावरील भाविकांना तुरुंगाकडे निघालेल्यांची वार्ता बहुधा नसेल. तरीही पुढे १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी राष्ट्रांच्या विकासासंबंधी जे विश्वपत्र लिहिले, त्यात खासगी मालमत्तेचा हक्क निरपवाद नाही आणि सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण त्यांनी ठामपणे मांडली. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात जमीन परमेश्वराची आहे असे सांगून योबेल वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी अशी व्यवस्था केलेली आहे. नाबोथाचा द्राक्षमळा हडपणाऱ्या अहाब राजाला एलीया संदेष्ट्याने जाब विचारला, तो अहाब परका नव्हता, स्वकीय राजा होता.

वसाहतींतून मुक्त झालेल्या इतर देशांचा अनुभवही वेगळा नाही. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात जमीन हाच कळीचा मुद्दा होता. १९६३ साली स्वातंत्र्य आले, गोऱ्यांचे पुष्कळ मळे विकत घेऊन वाटलेही गेले, परंतु लढ्यात सर्वस्व गमावलेली अनेक कुटुंबे भूमिहीनच राहिली. राज्यकर्ते बदलले तरी शेताच्या बांधावरील नाते आपोआप बदलत नाही.

वारसा आणि आपण

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेचे सभासद होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या सनदेतील काही मागण्या पुऱ्या झाल्या, पण फार उशिरा. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लागले १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० सालीच. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना होय. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. प्रश्न तोच होता.

पाण्याचेही तसेच. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझरच्या शेतापर्यंत पोहोचत नसे. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नांनी १९९० च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाण्याचे वाटप आपल्या हाती घेतले आणि ओझरचे नाव दूरवर गेले. सरकारने दिलेला हक्क लोकांनी एकत्र येऊन राबवला तरच तो हक्क राहतो, हा धडा त्यातून मिळाला.

आमच्या नाशिक धर्मप्रांतातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरूनच आले. वतनाचे जोखड त्यांच्याही मानेवर होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सूचीबाहेर ठेवले. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, तर २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. या मागणीसाठी आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. परंतु दादासाहेबांनी जमीन मागितली ती सर्व भूमिहीनांसाठी. शेजारच्या बौद्ध, आदिवासी व मराठा शेतमजुराच्या किमान वेतनासाठी आपण कधी उभे राहतो काय? आपल्या धर्मग्रामात, आपल्याच बाकांवर बसताना जातीचा विचार मनात येतो काय? आपल्या हक्काची मागणी करताना या प्रश्नांचीही उत्तरे आपण दिली पाहिजेत.

दादासाहेबांचा स्मृतिदिन नाताळच्या अष्टकात येतो. त्या दिवसांत आपल्या घराघरांत गोठा सजवलेला असतो. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून ज्याला गव्हाणीत ठेवावे लागले, त्या बाळापुढे आपण गुडघे टेकतो. यंदा २९ डिसेंबरला त्या गोठ्यासमोर प्रार्थना करताना, आपल्या गावात ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही अशा एका तरी कुटुंबाचे नाव आपण घ्यावे, आणि सण संपल्यावर त्या कुटुंबाच्या सातबारासाठी, शासकीय योजनेच्या अर्जासाठी त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयापर्यंत चालत जावे.