कच्चं मडकं

संत नामदेव महाराजांचं चरित्र वारकऱ्याला नव्यानं सांगायला नको. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० चा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. पुढं राजाई घरात आली. नारा, विठा, गोंदा, महादा अशी चार मुलं झाली, आणि आपली जनाबाई त्याच घरात दळता-कांडता संत झाली. लहानग्या नाम्यानं देवाला नैवेद्य जेवायला लावला, ही गोष्ट तर आपण आईच्या मांडीवर ऐकली. म्हणून या शतकमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही सगळं चरित्र न लिहिता त्यातला एकच धागा धरला आहे.

त्याला कारण आहे. मुक्कामावर जेवणं आटोपली की तरुण पोरं विचारतात, गळ्यात माळ घातल्यावर मनात शंका आली तर ते पाप का? जुनी मंडळी बहुतेक वेळा एका वाक्यात मिटवतात, की शंका आली तिथं भक्ती संपली. पोरं मग गप्प बसतात. पण गप्प बसला म्हणजे पटलं असं काही नसतं, हे शेतावर गडी ठेवणाऱ्यालाही ठाऊक आहे. आम्हांला वाटतं, या पोरांना तेरच्या अंगणात नेऊन बसवावं.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. तिथं संतांचा मेळा भरला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा माउली, सोपानकाका, मुक्ताई, सगळे आलेले. नामदेवरायांचा तेव्हा मोठा बोलबाला. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचं खातो, हे सगळ्यांना ठाऊक, आणि खरं सांगायचं तर ते नामदेवांनाही जरा जास्तच ठाऊक होतं. भावंडांनी नमस्कार केला, नामदेवांनी उलट नमस्कार केला नाही. मुक्ताई वयानं सगळ्यांत धाकटी, पण तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं गोरोबाकाकांना सांगितलं, काका, तुम्ही मडकी पारखता, एवढी ही मडकीही पारखून द्या.

गोरोबाकाकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तसे ते चिडले, कळवळले. काकांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं. सगळे हसले.

कीर्तनात इथं आपणही हसतो. पण त्या माणसाच्या जागी बसून बघा. उभा जन्म विठ्ठलाच्या पायाशी गेला, आणि भर सभेत एका पोरीच्या सांगण्यावरून कुंभार म्हणतो, तुझी भक्ती कच्ची आहे. नामदेव उठले ते थेट पंढरपूरला, देवापाशी गाऱ्हाणं घेऊन. आता देव आपली बाजू घेणार, अशी त्यांची खात्री होती. संतचरित्रकार सांगतात की देवानं बाजू घेतली नाही. संत म्हणाले ते बरोबर आहे, तुला गुरू नाही, विसोबा खेचरांकडे जा, असं देवानं सांगितलं. ज्याच्यावर भार टाकला त्यानंच असं सांगावं, याच्याइतका मोठा घाव भक्ताला दुसरा नाही. नामदेवांना तिथंच रुसून बसता आलं असतं. तेरचं अंगण विसरून देवळात पुन्हा टाळ हातात घेता आला असता. ते निघाले, हेच आम्हांला त्यांच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं.

विसोबांची भेट औंढ्या नागनाथाला झाली असं आपल्याकडे सांगतात. देवळात एक म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेला. नामदेव संतापले, पाय काढा म्हणाले. म्हातारा म्हणाला, बाबा, माझ्यात ताकद नाही, जिथं देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर खाली पिंडी. दुसरीकडे ठेवले, तिथंही पिंडी. हेच विसोबा एके काळी आळंदीत त्या चार भावंडांचा छळ करत होते, मांडे भाजायला मुक्ताईला कुणी मडकं देऊ नये म्हणून कुंभारांना दम भरत होते, असं परंपरा सांगते. म्हणजे देवानं नामदेवांना पाठवलं तेही एका उलथापालथ झालेल्या माणसाकडे. (दोन्ही गोष्टींत मडकं आहे, हे आमच्या एका बुवांनी दाखवून दिलं.)

आता नीट बघा, नामदेवांनी शंका कशावर घेतली. विठ्ठल आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हताच. देव एवढ्याच गाभाऱ्यात आहे आणि तो माझाच आहे, ही जी त्यांची पक्की समजूत होती, ती त्यांनी तपासायला दिली. दुसऱ्याच्या श्रद्धेवर थापटणं मारणं सोपं असतं. आपलं डोकं पुढं करणं अवघड, आणि नामदेवांनाही ते हसतखेळत जमलं नाही. ते रडले, भांडले, मग गेले. हा प्रसंग त्यांच्या गाथ्यात आजही आहे. कुणी तो झाकून ठेवला नाही.

पुढचा नामदेव वेगळाच. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावणारा. १२९६ साली माउलींनी समाधी घेतल्यावर ते उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमानला राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. तिथले लोक त्यांना भगत नामदेव म्हणतात. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं ते त्याच नात्यानं. पंढरपूर एवढाच देव धरून बसले असते तर हे झालं नसतं.

मग १३३८ साल. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा होते. नामदेवराय तिथं गेले. ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाला लावलं, ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती हाडं चोखोबांची म्हणून गोळा केली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. एके काळी पिंडीवर पाय बघून ज्याचं अंग जळलं, त्यानं ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत त्यांची हाडं कानाला लावली. वय होतं अडुसष्ट.

चोखोबांना देवळात जाता आलं नव्हतं. त्यांच्या जातीच्या माणसांना पुढंही सहाशे वर्षं जाता आलं नाही. समाधीपुढं डोकं ठेवून लाखो वारकरी आत जात राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं. आपली दिंडी त्याच्या आधीची आहे. पहिल्या काही वर्षांत आपल्या दिंडीसोबत चाललेली कितीतरी माणसं महाद्वारापर्यंतच चालली. त्या काळी हे बरोबर का, असं विचारणाऱ्याला कुणी नास्तिक म्हटलं असेल, कुणी धर्मबुडव्या.

१३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी महाद्वारातच, पायरीखाली समाधी घेतली. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी अशी त्यांची इच्छा होती. आपण मात्र त्या पायरीवर पाय देत नाही, हात लावून, डोकं टेकून, ओलांडून जातो. दरवर्षी दिंडीतलं एखादं पोर विचारतंच, की त्यांना पायांची धूळ हवी होती तर आपण पाय का ठेवत नाही? त्यावर आमच्यातली म्हातारी माणसं दरवर्षी निरनिराळं काहीतरी सांगतात, आणि रांग पुढं सरकते.