विमानकर्ते डॉ. घाटगे

इ. स. १९४९ साली नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री एक अपूर्व मेळा भरू लागला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांची टपालविमाने तेथे एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पुन्हा आपापल्या वाटेने उडून जात. देश स्वतंत्र झाला होता. परंतु ही विमाने परदेशांत बांधलेली होती. त्याच सुमारास बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एक मराठी शास्त्रज्ञ स्वदेशी विमानाची आखणी करीत होते. त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. जर्मनीतील गॉटिंगेन येथे थोर शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. ती विद्या त्यांनी मायदेशी आणली.

विमान आखणे हे मोठ्या जोखमीचे काम. इंजिन विमानाच्या नाकाशी कसे बसवावे, एवढा एकच प्रश्न पाहा. लहान विमानांत बहुधा पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून इंजिनासाठी बैठक करतात. नळ्या त्रिकोणांत मांडतात. कारण चौकट दाबाने कलते, त्रिकोण कलत नाही. इंजिनाचा भार, पंख्याची ओढ, उतरतानाचा हादरा, हे सारे त्या बैठकीने सोसायचे. नळ्या जाड घेतल्या तर विमान जड होते. पातळ घेतल्या तर सांधा तडकण्याचे भय असते. इंजिन निखळले तर विमानाचा तोलच जातो. आखणाऱ्याचे गणित चुकले, तर प्राण वैमानिकाचे जातात.

५ ऑगस्ट १९५१ रोजी घाटगे यांच्या गणिताची कसोटी लागली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ‘एच. टी. २’ हे विमान आकाशात नेले आणि सुखरूप उतरविले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या नमुन्यात निराळे, अधिक शक्तीचे इंजिन बसविण्यात आले. इंजिन बदलले की भार बदलतो, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. तेही काम पार पडले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली व त्यांवर भारतीय वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले.

१९५८ साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘पुष्पक’ हे हलके विमान उडाले. १९९१ साली डॉ. घाटगे निवर्तले. वैमानिकाचे धैर्य सर्वांना दिसते. त्याचा भार वाहणारे गणित मात्र कोणास दिसत नाही. ते अचूक मांडण्यात डॉ. घाटगे यांनी आपले आयुष्य वेचले.