वालचंद हिराचंद : विमानापासून अग्निबाणापर्यंत

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे एक लहानसे कंत्राट घेतले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांपाशी पत आणि धडाडी होती. जाणकार माणूस हाताशी धरून, नसलेले भांडवल उभे करून अंगाबाहेरचे काम अंगावर घेण्याची ही रीत त्यांनी पुढे बोरघाटातील बोगद्यांत वापरली, जहाजांच्या धंद्यात वापरली आणि अखेर विमानांच्या बाबतीतही वापरली.

१९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमान कारखाना चालवीत होते. हिंदुस्थानात असा कारखाना का नसावा, हा विचार वालचंदांनी तेथेच पक्का केला. परंतु या देशात विमाने व्हावीत अशी इच्छा इंग्रज सरकारला नव्हती. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, तेव्हा कोठे दिल्लीचा सूर बदलला. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि संस्थानचे भांडवल देऊ केले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. यंत्रे अमेरिकेची, तज्ज्ञ अमेरिकेचे, वर युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्याचे. तरीही १९४१ सालीच जोडणी पूर्ण झालेले पहिले हार्लो विमान आकाशात गेले. ही निर्मिती नव्हे, केवळ जोडणी होती, हा आक्षेप खरा आहे. पण जोडणीच्या त्याच कारखान्यात पुढे विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले गेले आणि १९५१ साली ते उडाले.

तोवर कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पैसे मिळाले, कारखाना गेला. युद्धकाळातील सरकारला यासाठी सर्वस्वी दोष देता येणार नाही. युद्ध नसते तर परवानगीही मिळाली नसती. मात्र ज्याने घडी बसविली त्यालाच बाजूला सारले गेले, हे विसरता येत नाही. विशाखापट्टणमच्या गोदीची कथाही फारशी निराळी नाही. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, १९४८ साली ‘जल उषा’ जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंनी केले आणि १९५२ मध्ये तीही सरकारी मालकीच्या वाटेला लागली. याच धामधुमीत मोटारींचा कारखानाही उभा राहिला होता. एक काम स्थिरावण्याआधी दुसरे अंगावर घेण्याचा हा स्वभाव त्यांच्या भागीदारांना जड जात असेल, तर नवल नाही.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

बंगळूरच्या त्या कारखान्यातून १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, आणि २०२२ साली तेथे क्रायोजेनिक इंजिने बनविणाऱ्या केंद्राचे उद्घाटन झाले. ही सरकारी शाखा. खासगी शाखा सोलापूरला अधिक जवळची आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात १९३० च्या दशकात त्यांनी साखर कारखाना काढला. तेथे साखरेची यंत्रे घडू लागली आणि १९७० च्या दशकापासून अंतराळ संशोधनाची कामे येऊ लागली. अग्निबाणाच्या घन इंधनाचे कवच ही दिसायला साधी नळी. पण इंधन पेटले की तिच्या भिंतींवर प्रचंड दाब येतो, आणि सांध्यात केसाएवढी भेग राहिली तर सगळेच संपते. म्हणून प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते आणि तयार कवच पाण्याच्या दाबाखाली पारखले जाते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना जे बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भाग उसाच्या या गावातून गेले होते.